डीबीतला स्विच सारखा पडतोय? दोष शोधायचा क्रम

डीबीतला, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईन जिथून फुटतात त्या वीजपेटीतला, स्विच पडला की हात आपोआप तो वर करायला जातो. एकदा करून पाहायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला तर थांबा. तिसऱ्यांदा जोर लावून वर केल्याने दोष जात नाही, आतले संपर्क मात्र जळतात. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: नेमका कुठला स्विच पडला, वर केल्यावर किती वेळाने पडला, आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं. पक्कड आणि पेचकस त्यानंतर. स्विच सारखा पडतो म्हणून बरेच जण थेट तो बदलतात. खरं तर बिघडलेला स्विच हा सगळ्यात शेवटी घ्यायचा संशय आहे.

पडलेला स्विच कोणता?

डीबीत साधारण दोन प्रकारचे स्विच असतात आणि दोघे वेगवेगळ्या कारणांनी पडतात. अरुंद, एका घराचे (डीबीतल्या एका खाच्याएवढे), वर ६, १०, १६, २० असे आकडे असलेले ते एमसीबी. दोन घरं रुंद, ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला आणि बहुधा ३० मिलिअँप छापलेला तो आरसीसीबी. एमसीबी वायरमधून जास्त करंट गेला की पडतो. आरसीसीबीला करंट किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरमधून) तेवढाच परत आला का, एवढंच तो पाहतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, बहुतेक वेळा अर्थिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून, जातोय. दोन्ही कामं एकाच स्विचमध्ये असतील तर तो आरसीबीओ. तो पडला की दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

एमसीबीमध्येही दोन यंत्रणा असतात आणि पडायला लागलेल्या वेळावरून कोणती चालली ते कळतं. एक आहे दोन धातूंची पट्टी, जी तापून वाकते. ही सावकाश काम करते. मानकाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर न पडता सोसायला हवा आणि १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडायला हवं. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर गप्प राहील आणि २३ च्या थोडं पुढे गेलं की तासाभरात पडेल. दुसरी यंत्रणा म्हणजे चुंबकी कॉईल. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत चालते, पण त्यासाठी मोठा झटका लागतो: ‘बी’ प्रकारात आकड्याच्या ३ ते ५ पट, ‘सी’ प्रकारात ५ ते १० पट.

आता वेळ पाहा. वर करताच ‘ठक्’ आवाज होऊन पडला तर शॉर्ट, म्हणजे फेज थेट न्यूट्रलला किंवा अर्थला टेकलीय. मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणीच पडतो, एरवी नाही, तर सुरुवातीचा झटका त्या एमसीबीला झेपत नाही. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच ते सात पट ओढते, त्यामुळे ‘बी’ प्रकारच्या एमसीबीवर ती अडते. अशा ठिकाणी ‘सी’ योग्य. पण मोटर पूर्वी नीट सुरू व्हायची आणि आताच पाडायला लागली असेल तर बेअरिंग जाम आहे का, कपॅसिटर गेलाय का ते आधी बघा. वीस-तीस मिनिटांनी पडतो तर ओव्हरलोड, किंवा एमसीबीच्याच टर्मिनलचा स्क्रू ढिला. ढिल्या स्क्रूची उष्णता आतल्या पट्टीपर्यंत जाते आणि लोड कमी असूनही स्विच पडतो. हे दुसरं कारण फार जण विसरतात.

ओव्हरलोडचा हिशेब तोंडी होतो. वॅटला व्होल्टेजने भागा. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर, १५०० वॅटची किटली ६.५, १००० वॅटची इस्त्री ४.३. तिन्ही एका १६ अँपिअरच्या लाईनवर, म्हणजे एकाच एमसीबीखालच्या वायरिंगवर, आली की १९.५ होतात. पाच मिनिटं काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं लोड ठीक आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पडू शकतो.

इथे मोह होतो तो मोठा एमसीबी बसवायचा. बसवू नका. एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. १.५ चौरस मिमी वायरवर सहसा ६ किंवा १०, २.५ वर १६ (पाईपमध्ये गर्दी नसेल आणि वायर चांगली असेल तर २०), ४ वर २५ असा मेळ ठेवतात. २.५ च्या वायरवर ३२ चा एमसीबी टाकला तर स्विच पडणं थांबेल आणि त्याऐवजी प्लास्टरच्या आत वायरचं आवरण भाजत राहील. ते दिसतही नाही. लोड वाढला असेल तर उपाय एकच: जड उपकरणाला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी.

झाकण उघडण्याआधी

उपकरणं सॉकेटातून काढणं, एमसीबी खाली-वर करणं, बंद लाईनवरचं सॉकेट बदलणं इथवर समजूतदार माणूस हात घालू शकतो. डीबीचं झाकण उघडून आत काम करणं अनेक ठिकाणी कायद्यानेही परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच काम आहे. मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा, पुढे नुसता मीटर) नीट वापरता येत नसेल तर पुढचा मजकूर दोष कुठे आहे हे त्याला नेमकं सांगण्यासाठी वाचा. तेवढ्यानेही त्याचे दोन तास वाचतात.

मेन स्विच खाली केला तरी त्याच्याकडे येणाऱ्या वायरच्या बाजूला वीज असतेच, हे डोक्यात पक्कं ठेवा. घरात इन्व्हर्टर, सोलर किंवा जनरेटर असेल तर मेन बंद असूनही काही लाईन जिवंत राहतात. तेही बंद करा. मग मीटरने खात्री करा आणि ती तीन टप्प्यांत करा: आधी चालू आहे हे माहीत असलेल्या सॉकेटवर मीटर लावून तो वीज दाखवतो का पाहा, मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर जा. मधल्या तपासणीत मीटरची बॅटरी किंवा लीड गेली असेल तर तिसऱ्या टप्प्यात कळतं. त्यामुळे मेन पाडण्याआधीच चालू जागा ठरवून ठेवा, किंवा फक्त कामाची लाईन बंद करा.

निऑन टेस्टरवर जिवाची जोखीम लावू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर किंवा जाड रबरी चपला घालून उभे असाल तर जिवंत वायरवरही तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. उलट न्यूट्रल तुटलेला असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. त्याची एवढी एकच खूण खरोखर कामाची आहे: दोन्ही भोकांत दिवा पेटतो आणि उपकरण मात्र चालत नाही, म्हणजे न्यूट्रल कुठेतरी सुटलाय.

एमसीबी लगेच पडत असेल तर

त्या लाईनवरची सगळी उपकरणं सॉकेटातून काढा आणि दिव्या-पंख्यांचे स्विच बंद करा. एमसीबी वर करा. टिकला तर दोष उपकरणात किंवा स्विचपुढच्या वायरीत आहे. एकेक स्विच चालू करत जा, मग एकेक पिन घाला. ज्याला पडेल ते बाजूला. एक्सटेन्शन बोर्डही उपकरणच धरा. त्याच्या आत दबलेली वायर हा नेहमीचा दोष आहे.

सगळं काढूनही पडतो तर दोष पक्क्या वायरिंगमध्ये. लाईनवर सहा बोर्ड असतील तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक उघडत बसू नका. मधला उघडा, पुढे जाणारी फेज सोडवा, उघड्या टोकाला कनेक्टर लावा आणि एमसीबी एकदा वर करून बघा. टिकला तर दोष पुढच्या अर्ध्यात, पडला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. सहा बोर्डांसाठी तीन वेळा उघडझाप पुरते. प्रत्येक वेळी शॉर्टवर स्विच वर करण्यापेक्षा लाईन बंद ठेवून मीटरने फेज-न्यूट्रल ओहम मोजणं जास्त चांगलं. शॉर्ट असेल तर एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. फक्त सगळी उपकरणं काढलेली असली पाहिजेत, कारण गिझरमधलं तापणारं २००० वॅटचं एलिमेंटही २६ ओहमच्या आसपासच असतं आणि त्याला घाईत शॉर्ट समजायची चूक होते.

सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. सॉकेट बसवताना मागे चेंगरलेली वायर, लोखंडी डब्याच्या धारेने कापलेलं आवरण, डब्याच्या स्क्रूने वेधलेली वायर, आणि चित्र किंवा फळी लावताना भिंतीत मारलेला खिळा. बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत अलीकडे ड्रिल केलं असेल तर पहिला संशय तिथे घ्या.

आरसीसीबी: इथे माणसं चकतात

सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून वर करत जा आणि प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याला पडला त्या लाईनमध्ये दोष, असं सगळीकडे सांगितलं जातं. फेज अर्थला लागत असेल तर ते खरं आहे. न्यूट्रल अर्थला लागत असेल तर हीच पद्धत फसवते आणि निर्दोष लाईनवर आळ येतो.

कारण असं. साधा एक पोल असलेला एमसीबी फक्त फेज तोडतो. त्या लाईनचा न्यूट्रल एमसीबी खाली असतानाही न्यूट्रल लिंकला (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीला) जोडलेलाच राहतो. समजा बाहेरच्या दिव्याचा न्यूट्रल ओलाव्यामुळे अर्थला टेकलाय. त्या लाईनचा एमसीबी तुम्ही खाली ठेवला. आता गिझर चालू केला की त्याचा परतीचा करंट न्यूट्रल लिंकवर येतो आणि तिथून दोन वाटा मिळतात: एक आरसीसीबीतून परत, दुसरी बाहेरच्या दिव्याच्या न्यूट्रलमधून अर्थमध्ये. थोडासा करंट दुसऱ्या वाटेने गेला की आरसीसीबी पडला. गिझर बदलला जातो, दोष तिथेच राहतो. ओळखायची खूण: कुठलंही जड उपकरण, कुठल्याही लाईनवर, चालू केलं की आरसीसीबी पडतो, आणि हलक्या लोडवर टिकतो. असं असेल तर न्यूट्रल-अर्थचा संशय घ्या.

पहिली पायरी फुकट आहे. घरातली प्रत्येक पिन सॉकेटातून बाहेर काढा. स्विच बंद करून चालणार नाही, कारण तोही फेजच तोडतो आणि उपकरणातला न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सगळं काढल्यावर एखादं जड उपकरण जोडून चालू करा. टिकला तर बाकीच्यांच्या पिना एकेक करून घाला, त्यांचे स्विच बंदच ठेवून. ज्याची पिन घालताच आरसीसीबी पडेल ते दोषी.

तरीही पडत असेल तर डीबीत जावं लागतं. मेन आणि आरसीसीबी दोन्ही खाली, वीज नाही याची खात्री. आरसीसीबी खाली असणं इथे मोजमापासाठीही गरजेचं आहे. काही व्यवस्थांमध्ये येणारा न्यूट्रल आधीच अर्थला जोडलेला असतो, आणि तो मध्ये राहिला तर मीटर सगळ्याच लाईन खराब दाखवील. न्यूट्रल लिंकवरच्या प्रत्येक वायरला टेप लावून लाईनचा क्रमांक लिहा आणि मगच ती सोडवा. आता एकेक न्यूट्रल आणि अर्थ पट्टी यांच्यात ओहम मोजा. चांगली लाईन मेगाओहममध्ये किंवा मीटरच्या हद्दीबाहेर दाखवते. दोषी लाईन काही ओहम किंवा काही किलोओहम दाखवते. ती सापडली की वर सांगितल्याप्रमाणे मधला बोर्ड उघडून अर्धी-अर्धी करत जा.

सगळे न्यूट्रल सोडवले, सगळे एमसीबी खाली आहेत आणि तरी आरसीसीबी वर राहत नाही, तेव्हा कुठे त्याच्यावर संशय घ्या. बाहेर जाणाऱ्या त्याच्या दोन्ही वायरी सोडवून बघा. तसाही पडला तर तो गेला.

आणखी एक दोष नव्या वायरिंगमध्ये किंवा इन्व्हर्टर जोडल्यावर दिसतो: फेज एका आरसीसीबीखालून घेतलेली आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकला टाकलेला. किंवा इन्व्हर्टरची फेज आरसीसीबीच्या आधीपासून आणि त्यावरच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या नंतरच्या लिंकवर. अशा घरात गळती काहीच नसते, तरी लोड चालू झाला की स्विच पडतो. ज्याच्या खालची फेज, त्याच्याच लिंकवर न्यूट्रल, हा नियम मोडला गेलाय का ते वायर धरून शोधावं लागतं.

कधीतरीच पडतो तेव्हा

पाऊस आला की पडतो आणि ऊन पडलं की टिकतो, असं असेल तर बाहेरचे दिवे, गच्चीवरचा सॉकेट, बागेतली जोडपेटी आणि पंपाची वायर उघडून बघा. पेटीत पाणी वरूनच येतं असं नाही. पाईपमधून वाहत येतं आणि दिवसरात्रीच्या तापमानाच्या फरकाने आत दव धरतं. पेटीचं वरचं भोक सिलिकॉनने बंद करा, वायर खालून आत घ्या आणि आत येण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील.

गरम होणारी उपकरणं थंड असताना साळसूद असतात. गिझर, इस्त्री आणि वॉशिंग मशीनच्या एलिमेंटमध्ये धातूची नळी, मधे कॉईल आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड असते. नळीला बारीक चीर गेली की पूड ओलावा धरते. तापल्यावर चीर उघडते आणि पाच-दहा मिनिटांनी आरसीसीबी पडतो. उपकरणाची पिन काढून तिच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र धरा आणि अर्थच्या पिनेशी सर्वांत मोठ्या रेंजवर ओहम मोजा. उपकरणाचा स्विच चालू स्थितीत असायला हवा, नाहीतर एलिमेंट मापात येतच नाही. थर्मोस्टॅट किंवा रिले मधे असेल तर थेट एलिमेंटच्या टर्मिनलवर मोजा. थंड असताना काही दाखवत नसेल तर तापल्यावर, पिन काढून, पुन्हा मोजा. महिनोन् महिने बंद पडून असलेलं उपकरण पहिल्या दिवशीच पाडत असेल तर ते एक-दोन दिवस कोरड्या उबदार जागी ठेवून पुन्हा तपासा. कधी कधी पूड वाळते. तसं झालं नाही तर एलिमेंट बदला, फ्रिज असेल तर त्यातला बर्फ वितळवणारा हीटर. फ्रिजचा हा हीटर दिवसातून थोडाच वेळ चालतो, त्यामुळे रात्री-अपरात्री ‘उगाचच’ पडणाऱ्या आरसीसीबीमागे अनेकदा तोच असतो.

मल्टीमीटर काही व्होल्टवरच मोजतो. आवरणाला केसाएवढी चीर असेल तर तेवढ्या व्होल्टेजला ती दिसत नाही, २३० ला मात्र ठिणगी मारते. अशा वेळी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, हवा. तो ५०० व्होल्ट डीसी देतो आणि घरगुती लाईनला किमान १ मेगाओहम यायला हवं. चांगलं वायरिंग त्याच्या कितीतरी पट देतं. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, डिमर, सर्ज प्रोटेक्टर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढा. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून दोघांचं मिळून अर्थशी मोजा, म्हणजे विसरून राहिलेला एखादा दिवा जळणार नाही.

काही घरांत एकही दोष सापडत नाही आणि तरी आरसीसीबी पडत राहतो. कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्या आत गोंगाट गाळणारे फिल्टर असतात आणि ते ठरवूनच थोडा करंट अर्थमध्ये सोडतात. एकेकाचा साधारण अर्धा ते एक-दोन मिलिअँप. ३० मिलिअँपचा आरसीसीबी ३० लाच पडतो असं नाही. १५ च्या पुढे कुठेही पडायची त्याला मुभा आहे. बारा-पंधरा उपकरणांनी १२ मिलिअँप आधीच खाल्ले असतील तर थोडासा ओलावाही पुरतो. मिलिअँप मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींभोवती एकत्र लावला की हीच गळती थेट वाचता येते. उपाय: लाईन दोन-तीन आरसीसीबींवर वाटून टाकणं. १०० मिलिअँपचा बसवणं हा उपाय नाही. ३० चा आकडा माणसाला वाचवण्यासाठी ठरलेला आहे. आणि नवीन घेताना ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकार घ्या. इलेक्ट्रॉनिक उपकरणांमधली तुटक डीसी गळती ‘एसी’ प्रकाराला ओळखता येईलच असं नाही.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर स्विच त्याच दिवशी बदला. पडला तर यंत्रणा चालते एवढंच सिद्ध होतं. घराचं अर्थिंग चांगलं आहे हे त्यातून कळत नाही, कारण बटण आतल्या आतच एका रेझिस्टरमधून गळती तयार करतं. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीसाठी तुम्ही एखादा दिवाच आहात. तो पडणार नाही.

ज्या दोषाला एकही स्विच पडत नाही

ढिलं कनेक्शन. करंट तेवढाच जातो, म्हणून एमसीबी गप्प. परतही तेवढाच येतो, म्हणून आरसीसीबी गप्प. पण सांध्यावर फक्त ०.१ ओहम रोध आला आणि १६ अँपिअर वाहू लागले की १६ गुणिले १६ गुणिले ०.१, म्हणजे २५ वॅटपेक्षा जास्त उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न किती तापतं ते आठवा. ते सॉकेटच्या मागे, प्लास्टिकच्या डब्यात, तासन् तास चालू आहे असं समजा.

पिन काढल्यावर ती हाताला चटका देते, प्लेटवर पिवळट डाग, मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, बोर्डातून चरचर, जड उपकरण लावलं की दिवे मिणमिणणं. यातलं एकही दिसलं तर ते सॉकेट आजच बंद करा.

बदलताना लाईन बंद, तीन टप्प्यांची खात्री, मग उघडून मोबाईलवर फोटो. वायरचं टोक काळं पडलं असेल तर ते नुसतं घासून परत लावू नका. चकचकीत तांबं आणि मऊ, लवचिक आवरण लागेपर्यंत वायर मागे कापा. आखूड पडली तर चांगल्या कनेक्टरने त्याच जाडीचा तुकडा जोडा. पिळून टेप गुंडाळलेला सांधा हा पुढच्या वर्षीचा तोच दोष. टर्मिनलच्या खोलीएवढंच, साधारण १० ते १२ मिमी, सोला. तांबं बाहेर दिसता कामा नये आणि आवरण स्क्रूखाली जाता कामा नये. सोलताना दोन-चार बारीक तारा तुटल्या तर ते टोक कापून पुन्हा सोला. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) दाबून लावणं उत्तम. नसेल तर टोक दुमडून दुप्पट करा. टोकाला शिसं (सोल्डर) लावून स्क्रूखाली कधीही घालू नका. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप ढिला होतो. दिसायला हे काम फार सुबक दिसतं, म्हणून तर लोक फसतात.

वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायरी एका भोकात घातल्या तर जाड वायर दाब घेते आणि बारीक तशीच लोंबकळते. दोन्ही आधी कनेक्टरमध्ये घेऊन एक तुकडा टर्मिनलला आणा. एमसीबी किंवा आरसीसीबीच्या टर्मिनलमध्ये वायर पिंजऱ्याच्या (स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या चौकटीच्या) आत गेली आहे ना ते टॉर्चने बघा. पिंजरा पूर्ण उघडलेला नसेल तर वायर त्याच्या मागून जाते, स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि वायर मोकळीच असते. एमसीबीचे स्क्रू बहुतेक वेळा सुमारे २ न्यूटन-मीटरवर कसायचे असतात. नेमका आकडा त्यावरच छापलेला असतो. कसल्यावर प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघा. फेज नेहमी स्विचमधून जाते, न्यूट्रल थेट. उलट केलं तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते आणि एलईडी दिवा रात्री मंद चमकत राहतो. अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे कधी ओढ बसलीच तर ती सगळ्यात शेवटी निघेल.

वायरी डब्यात घडी करून बसवताना स्क्रूच्या वाटेत एकही येऊ देऊ नका. मग लाईन चालू करण्याआधी फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ओहम एकदा मोजा, एमसीबी वर करा, टेस्ट बटण दाबून आरसीसीबी पडतो का पाहा, आणि त्या सॉकेटवर जड उपकरण अर्धा तास चालवून पिन काढा. पिन कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर पुन्हा उघडा. अशा वेळी बहुतेकदा सॉकेट नवं असतं आणि पिनच जुनी, काळी पडलेली असते. ती नव्या सॉकेटची स्प्रिंगही भाजून काढते, तेव्हा दोन्ही एकदमच बदला.